आयत्या वेळचा विषय

बाईंनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "तुझ्या घरी उंदीर आहेत का?"

मी म्हटलं, नाहीत.

"वाळवी?"

"नाही."

"विडी-सिगारेट कोण ओढतं घरात?"

मी कागदपत्रं स्कॅन करणाऱ्या एका छोट्या कंपनीतून आले होते. एका अभ्यास-संस्थेने आम्हाला काम दिलं होतं. घाटकोपर पूर्वेला समाजवादी मंडळींनी उभारलेली एक जुनी सहकारी सोसायटी होती. तिची स्थापनेपासूनची सगळी कागदपत्रं स्कॅन करून इंटरनेटवर ठेवायची, म्हणजे कुणालाही वाचता येतील, असं ठरलं होतं. सोसायटी पुनर्विकासाला गेली होती. लोकांनी घरं रिकामी केली की इमारती पडणार होत्या. मला वाटलं होतं, कुणीतरी कपाट उघडून देईल, मी कोपऱ्यात मशीन लावीन आणि कामाला लागेन. त्याऐवजी बँकेत कर्ज मागायला आल्यासारखी मी खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"हे सगळं तू त्या डबीत घालून घरी नेणार ना?" बाईंनी माझ्या हार्ड डिस्ककडे बोट दाखवलं. "मग तुझं घर मला माहीत पाहिजे."

आणि त्या खरंच आल्या. रविवारी सकाळी, रिक्षाने, कुर्ल्याला आमच्या घरी. आईने चहा टाकला तोवर त्यांनी स्वयंपाकघराचा ओटा, गॅसची नळी आणि मी डिस्क ठेवते ते कपाट बघून घेतलं. आईला म्हणाल्या, "साथी, कपाटाच्या वरच्या बाजूला पाण्याचा पाइप आहे. डबी खालच्या खणात हलवा." माझ्या आईला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी साथी म्हटलं. त्या गेल्यावर तिने निमूटपणे साड्यांचा खण रिकामा केला.

बाई आता नाहीत. ती वेबसाइट आहे, आणि सोसायटीच्या जागी टॉवर आहे. पण माझ्या फोनचा पहाटेचा गजर मी अजूनही लावत नाही, कारण ती सवयच गेली. त्या वर्षभर बाई मला उठवायच्या. फोन उचलला की नमस्कार नाही, काही नाही.

"डबी आहे ना?"

"आहे बाई."

"बघून सांग."

मी उठून खण उघडून बघेपर्यंत त्या फोन ठेवत नसत.

सोसायटीत त्यांना सगळे सेक्रेटरीबाई म्हणायचे. सेक्रेटरीपद सोडून जमाना झाला होता, पण हाक तीच राहिली होती. म्युनिसिपालिटीच्या शाळेत त्यांनी नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि सोसायटीच्या ऑफिसला लागून असलेल्या तळमजल्यावरच्या एका खोलीत त्या राहिल्या. अंगाने काडी, सुती साडी, चष्म्याला दोन्हीकडून बांधलेली नाडी. कपाटाची किल्ली सेफ्टी पिनने पदराला आतून टाचलेली. बोलताना मधेच त्यांचा हात पदराखाली जायचा, किल्ली चाचपायचा आणि परत यायचा. समोरच्याला वाटायचं, बाईंच्या छातीत दुखतंय. एकदा पतपेढीतला एक कारकून घाबरून पाणी आणायला धावला होता.

भीती हा त्यांचा पूर्णवेळचा व्यवसाय होता. ऑफिसात चहा आणायचा नाही, सांडेल. पंखा लावायचा नाही, कागद उडतील. खिडकी उघडायची नाही, कबुतरं येतील. खिडकी बंदही ठेवायची नाही, दमट होईल. त्यामुळे खिडकी बोटभर उघडी आणि तिच्यासमोर बाई. प्रत्येक बाड उघडण्याआधी त्या नाकाशी धरून वास घ्यायच्या. बुरशीचा वास आला की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसं काही घरात कुणाला तरी ताप भरलाय.

पण माझी खरी वाट लागली ती त्यांच्या एका अटीमुळे. वाचल्याशिवाय पान स्कॅन करायचं नाही.

म्हणजे मनात नाही. मोठ्याने. त्या वाचणार, मी ऐकणार, मग फोटो.

"बाई, अहो एवढी पानं आहेत. कॅमेऱ्याला वाचायची गरज नसते."

"कॅमेऱ्याला नसेल. हे लिहिलेलं नाही गं, हे बोललेलं आहे. सभेत माणसं उठून बोलली, मी बाजूला बसून उतरवून घेतलं. एकदा आवाजात निघू दे. मग घाल डबीत."

आणि त्या वाचायच्या. नुसतं वाचणं नव्हे, ज्याचं बोलणं त्याच्या आवाजात. मालवणकडचा एक सभासद होता, तो आला की बाईंचं नाक वाजायला लागायचं. एक सभासद अकोल्याकडचे, त्यांचं "काहून" अगदी तसंच. सोसायटीत सुरुवातीला सामाईक स्वयंपाकघर होतं. बायकांची चुलीपासून सुटका करायची म्हणून सगळ्या घरांचा स्वयंपाक एकत्र. त्या स्वयंपाकघरातल्या उसळीत नारळ घालावा की दाण्याचा कूट, यावर एक अख्खी सभा झाली होती. मूळ ठराव, त्यावर उपसूचना, उपसूचनेला उपसूचना. शेवटी दिवस वाटून घ्यायचं ठरलं. मी हसत हसत खुर्चीवरून पडायची बाकी होते. बाई मात्र गंभीर.

"हसू नको. रत्नागिरी आणि बुलढाणा एका पंगतीत जेवायला बसणार होते. भांडण नारळाचं नव्हतं."

माझे कंपनीतले सर रोज फोन करायचे. "किती झालं? अजून तेच बाड? यार, तू तिथे कीर्तन ऐकायला गेलीयस का?" इमारती रिकाम्या करायची तारीख जवळ येत होती. जिन्यांतून कपाटं, गाद्या, पाण्याची पिंपं उतरायला लागली होती. मी बाईंना घाई करायचे, बाई मला शांत करायच्या, आणि स्वतः मात्र दारावरून टेम्पो गेला तरी दचकून उठायच्या. "आले का?" कोण, ते त्या सांगत नसत. भंगारवाले, बिल्डरची माणसं, वाळवी, आग, कुणीही.

बाडं संपत आली तसं माझ्या लक्षात आलं, की बाई एक बाड सारखं मागे सरकवतायत. आज हे नको, उद्या. उद्या आला की, याला आधी ऊन दाखवू. एके दिवशी मीच ते उचललं आणि म्हटलं, "बाई, हेच राहिलंय. याच्यात काय आहे?"

त्यांनी लपवलं नाही. सरळ सांगितलं.

तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहायच्या. बाईंची आणि त्यांची तरुणपणी घट्ट मैत्री. वाचनालय दोघींनी मिळून उभं केलेलं. काकूंचा नवरा एका कारखान्यात फिटर होता. माणूस हुशार, चळवळीतला, मोर्चात पुढे. पण प्यायचा, आणि घरी येऊन बायकोला मारायचा. सगळ्या जिन्याला माहीत होतं आणि सगळा जिना गप्प होता. एका सर्वसाधारण सभेत कार्यक्रमपत्रिकेवरचं सगळं संपलं. अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे विचारलं, आयत्या वेळचे काही विषय? लोक चटया गोळा करायला लागले होते. तेवढ्यात काकू उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर बोलल्या.

"मग?"

"मग सभा पुन्हा बसली. ठराव झाला, की पुढचा ठराव होईपर्यंत नवऱ्याने वाचनालयात झोपायचं आणि सामाईक स्वयंपाकघरात जेवायचं. तो झोपला तिथे. किती महिने. सगळे येता-जाता बघायचे. शेवटी हिनेच परत बोलावलं. त्यानंतर त्याने कधी दारूला हात लावला नाही, की हिला."

"आणि काकू?"

बाईंचा हात किल्लीकडे गेला. "सभेच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. म्हणाली, लिहिलंस? मी म्हटलं, हो. म्हणाली, खोड. मी म्हटलं, सभेत बोललेलं खोडता येत नाही. ती गेली. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. एकच जिना, एकच गच्ची, एकाच चादरीवर पापड वाळत घातले असतील. पण बोलणं नाही."

पान आम्ही त्या दिवशी वाचलं नाही. बाईंनी बाड परत कपाटात ठेवलं. पण माझ्या हातून एक गोष्ट आधीच होऊन गेली होती. सगळ्या बाडांच्या सुरुवातीला सूची असायची, सभासदाचं नाव आणि नावापुढे विषय. मी ती कामाच्या सोयीसाठी टाइप करून संस्थेला पाठवली होती, आणि संस्थेने ती शिष्टाचार म्हणून सोसायटीच्या चेअरमनना पाठवली.

चेअरमन म्हणजे त्या काकूंचा मुलगा.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात आला. पन्नाशी उलटलेला, फॉर्मल शर्ट, हातात हेल्मेट. पुनर्विकासाची सगळी धावपळ त्याने एकट्याने केली होती आणि माणूस थकलेला दिसत होता.

"सेक्रेटरीबाई, वडिलांच्या नावापुढे 'शिस्तविषयक ठराव' असं का आहे?"

बाईंनी त्यालाही सरळ सांगितलं. तो उभाच राहिला. लहान होता तेव्हा वडील काही दिवस वाचनालयात झोपायचे एवढं त्याला आठवत होतं. त्याला सांगितलेलं होतं, की बाबा तिथे अभ्यास करतात.

"हे पान जाणार नाही," तो म्हणाला.

"सगळं जाणार किंवा काही नाही. संस्थेशी तसाच करार आहे."

"करारावर सही माझी लागते. ती मी अजून केलेली नाही."

मी मधे पडले. म्हटलं, सर, थोडं बसून बोलू. तो माझ्याकडे वळला. आवाज चढलेला नव्हता, उलट खाली गेला होता.

"तुम्हाला कळत नाही, मॅडम. उद्या माझी मुलगी आजोबांचं नाव इंटरनेटवर टाकणार आणि हे वर येणार. तिने आजोबांना कसं पाहिलंय माहितीय? रोज शाळेत सोडायचे तिला. माझी आई आजारी होती तेव्हा बाबांनी आईचे केस विंचरलेत. त्यांनी पुढे सगळं आयुष्य नीट काढलं, ते कुठल्या बाडात आहे? ते कोणी लिहिलंय का?"

तो जाताना म्हणाला, "एक पान. ते काढा, मी लगेच सही करतो. नाहीतर इमारत रिकामी होईल त्या दिवशी हे कपाट जिथे जायचं तिथे जाईल."

तो गेल्यावर मी बाईंना म्हटलं, "बाई, एकच पान आहे."

पुढचे दिवस वाईट गेले. बाई जेवेनात. डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. कपाटापुढे खुर्ची टाकून बसायच्या, कुणी आलं तर उठायच्याच नाहीत. पहाटेचा फोन दोनदा, तीनदा यायला लागला. एकदा मी झोपेत चिडून म्हटलं, "अहो आहे डबी, कुठे जातेय!" मग त्या हळूच म्हणाल्या, "सगळ्यांची पानं आहेत गं त्यात. एकासाठी सगळी घालवू? आणि एकाचं काढलं तर उरलेल्यांना काय सांगू, तुमचंही काढते?"

खाली अंगणात पहिल्या इमारतीच्या खिडक्यांच्या चौकटी काढायला सुरुवात झाली होती. घणाचा आवाज आला की त्या डोळे मिटायच्या.

मग एका संध्याकाळी मी मशीन झाकत होते, तेव्हा त्या उठल्या. बाड एका जुन्या चादरीत गुंडाळलं आणि म्हणाल्या, "चल."

"कुठे?"

"वर. पान माझं नाही, त्याचंही नाही. जिचं आहे तिला विचारायचं."

बाड त्यांनी मला घेऊ दिलं नाही. मूल घ्यावं तसं छातीशी धरून त्या जिना चढल्या. प्रत्येक वळणावर थांबायच्या, भिंतीला टेकायच्या. मला वाटलं, दम लागतोय. तिसऱ्या मजल्यावर त्या म्हणाल्या, "तिने दार लावून घेतलं तर मी काय करू?" बेल मी वाजवली.

दार मुलाने उघडलं. आत सगळीकडे खोके. काकू पलंगावर बसून जुन्या बरण्या कागदात गुंडाळत होत्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. त्यांनी मान वर केली.

"कोण आहे रे?"

मुलगा काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "मी आहे."

काकूंच्या हातातली बरणी तशीच राहिली. आवाज ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. पण बोलायला लागला.

"ये," त्या म्हणाल्या. "बस कुठे बसायचं तिथे. सगळा पसारा आहे."

बाई खोक्यावर बसल्या. मुलगा दार लावायला गेला, तर काकू म्हणाल्या, "राहू दे उघडं. गरम होतंय." बाईंनी आल्याचं कारण सांगितलं. सभेचं पान आहे. इंटरनेटवर जाईल. जगात कुणीही वाचेल. मुलाला नको आहे. तू सांग.

"काय लिहिलंयस त्यात?" काकूंनी विचारलं.

"तू वाचलं नाहीस?"

"मी कशाला वाचू? पुढच्या सभेला आलेच नाही मी. कधीच आले नाही."

"मग वाचते."

"आई, कशाला?" मुलगा म्हणाला.

"तू गप रे. वाच गं."

बाईंनी चादर सोडली. बाड उघडलं. आणि पहिल्यांदाच मी त्यांना कुणाचाही आवाज न काढता वाचताना ऐकलं. सपाट, शाळेत हजेरी घ्यावी तसं. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी आलेला विषय. काकूंचं पूर्ण नाव. मग त्यांचं निवेदन. नवरा दारू पितो, मारहाण करतो, मुलासमोर करतो. शेजाऱ्यांना माहीत आहे. एका सभासदाने हा घरगुती प्रश्न असल्याची हरकत घेतली, अध्यक्षांनी ती फेटाळली. आपण माहेरी जाता का, असं विचारलं असता त्या म्हणाल्या, "मी माझं घर सोडणार नाही. त्यांनी जावं."

"थांब," काकू म्हणाल्या.

बाई थांबल्या.

"परत वाच."

"मी माझं घर सोडणार नाही. त्यांनी जावं."

"त्यांनी?" काकूंनी चष्मा काढला. "मी त्यांनी म्हणाले?"

बाईंनी पानाकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"त्याने जावं, म्हणाले मी," काकू म्हणाल्या. "त्याने. भर सभेत, सगळ्यांसमोर, नवऱ्याला तो म्हणाले. घरी आले आणि वाटलं, हे काय बोलून बसलो आपण. लग्न झाल्यापासून एकदाही तोंडातून निघालं नव्हतं. पुढेही कधी निघालं नाही. म्हणून तर तुझ्याकडे आले होते, खोड म्हणून. मार खाल्ला ते लिहिलंस याचं मला काही नव्हतं गं. ते सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं, 'तो' म्हणाले ते कायमचं राहणार. आयुष्यभर वाटत राहिलं, खाली त्या कपाटात माझं ते बोलणं आहे."

बाई पानावर बोट ठेवून बसल्या होत्या.

"नाहीये," त्या म्हणाल्या. "मी बदललं. मला आठवतंय आता. लिहिताना हात थांबला होता. मला वाटलं, पुढे कुणी वाचलं तर तुला नावं ठेवतील."

"माझ्यासाठी बदललंस?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस लिहिलं का, मी म्हटलं हो. तू म्हणालीस खोड, मी नियम सांगितला."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं, ऑपरेशनचं की कशाचं, ते कळलं नाही. मग त्या एकदम हसल्या, आणि हसता हसता चिडल्या. "जन्मात एकदा बोलले, अगं, एकदा! आणि तेसुद्धा तू शुद्ध करून टाकलंस!"

मुलगा खिडकीशी उभा होता. तो म्हणाला, "आई, बाबा नंतर किती बदलले. लोक ते बघणार नाहीत."

काकूंनी बरणी खाली ठेवली. "तुझे बाबा मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. बदलले, ते कसे बदलले? आपोआप? वाचनालयाच्या बाकावर झोपले, लोकांच्या पंगतीत मान खाली घालून जेवले, तेव्हा बदलले. पळून नाही गेले. ते पान काढलंस तर तुझ्या मुलीला नुसते चांगले आजोबा राहतील. आयते मिळालेले. त्यांनी काय सोसलं ते कुठे राहील?"

मुलगा वाकून एका खोक्याला चिकटपट्टी लावायला लागला.

"पान जाऊ दे," काकू बाईंना म्हणाल्या. "पण मी बोलले तसं. दुरुस्त कर."

"मी नाही करू शकत," बाई म्हणाल्या. नियमावर आल्या की त्या स्थिर व्हायच्या. "इतिवृत्त सभेने मंजूर केलंय. दुरुस्ती सभेनेच करायची. तू मांड. अनुमोदक लागेल."

शेवटची सर्वसाधारण सभा त्याच आठवड्यात होती. घरांच्या किल्ल्या देण्याबद्दल. बाईंनी दारोदार फिरून लोकांना यायला सांगितलं. गणपूर्ती होणार नाही ही नवी भीती त्यांना लागली होती. लोक सामान हलवण्यात गुंतलेले, कोण कशाला येईल? त्या मला सारख्या विचारत होत्या, "आणि मांडल्यावर कुणी अनुमोदन दिलंच नाही तर?" मी म्हणायचे, देतील. मला मुळीच खात्री नव्हती.

सभा अंगणात भरली. खिडक्या नसलेल्या पहिल्या इमारतीसमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. लोक आले, तसे बऱ्यापैकी आले. मी सभासद नव्हते म्हणून मागे उभी राहिले. टेबलापाशी चेअरमन, बाजूला बाई. त्या दिवशीचं इतिवृत्त लिहायचं काम त्यांनी नव्या सेक्रेटरीकडून मागून घेतलं होतं. किल्ल्यांचा विषय झाला, भाड्याच्या घरांचा झाला. चेअरमनने कागद गोळा केले. एक क्षण मला वाटलं, तो सभा संपवणार. बाईंनाही वाटलं असावं, त्यांचं पेन हवेतच थांबलं.

मग तो म्हणाला, "आयत्या वेळचे विषय."

काकू पहिल्या रांगेत होत्या. खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या. पान कुठलं, सभा कुठली, ते त्यांनी सांगितलं. "त्यात मी म्हणाले असं लिहिलंय, की त्यांनी जावं. मी 'त्याने जावं' असं म्हणाले होते. तशी दुरुस्ती व्हावी अशी मी सूचना मांडते."

जुन्या लोकांनी माना खाली घातल्या. नव्यांना काही कळलं नव्हतं, ते जुन्यांकडे बघत होते. मागे कुणाचा तरी फोन वाजला आणि घाईघाईने बंद झाला.

"अनुमोदक?" चेअरमनने विचारलं. विचारताना त्याने समोर पाहिलं नाही.

काकू उभ्याच होत्या. बाई लिहीत नव्हत्या, कुणाकडे बघतही नव्हत्या. इतिवृत्त लिहिणाऱ्याने बोलायचं नसतं.

"अनुमोदक कोणी आहे का?"

मला वाटलं, ओरडून सांगावं, अहो, कुणीतरी हात वर करा.

चेअरमन खुर्चीतून उठला. शेजारच्या एका वयस्क गृहस्थांना म्हणाला, "काका, जरा तुम्ही बसा इथे. मला सभासद म्हणून बोलायचंय." ते गोंधळून त्याच्या जागी बसले. तो टेबलाला वळसा घालून पुढे आला, आईच्या शेजारी उभा राहिला.

"माझं अनुमोदन."

बाईंनी पेन कागदावर टेकवलं. मान वर न करता म्हणाल्या, "पूर्ण नाव सांगा."

त्याने आपलं नाव सांगितलं आणि अडखळला. मग त्याने वडिलांचं नाव घेतलं, मग आडनाव.

"मोठ्याने," बाई म्हणाल्या. "मागे ऐकू गेलं पाहिजे."

त्याने पुन्हा सांगितलं. तिन्ही नावं, सुटी सुटी, मागे मी उभी होते तिथपर्यंत पोचतील अशी. बाईंनी ती तशीच उतरवून घेतली.